भिंतीची भीड

भिंतीचा धर्म एका जागी उभे राहणे हा आहे. माणसाने हे हजारो वर्षे निमूटपणे मान्य केले होते. मग कुणाला तरी वाटले की भिंतीला मोटार बसवावी, आणि त्या दिवसापासून भिंत न हलणे हा बिघाड ठरला. यालाच प्रगती म्हणतात. पूर्वी ज्या वस्तू मुळातच हलत नसत, त्या आता बंद पडतात.

युमाजवळच्या वाळवंटात मेस्किट बेंड नावाचा घरगाड्यांचा तळ आहे. कचेरीतल्या फळ्यावरच्या नोंदीप्रमाणे तिथे हलणाऱ्या भिंती तीनशे अकरा आणि माणसे तीनशे चार. म्हणजे दरडोई एक भिंत देऊनही सात भिंती उरतात. (त्या विधवांच्या आहेत.) घरगाडी म्हणजे बसएवढी गाडी, तिच्यात चूल, पलंग, न्हाणी, सगळे असते. मुक्कामाला पोचले की बटण दाबायचे. कोच आणि जेवणाच्या टेबलासकट बाजूची एक भिंत तीन फूट बाहेर सरकते आणि आत बसायची खोली तयार होते. निघताना पुन्हा बटण दाबायचे, भिंत आत. भिंत बाहेर असताना गाडी चालवू नये असा नियम आहे. (एकाने चालवली होती. तळाचे फाटक त्यानंतर नवे बसवले.)

या तळावरची माणसे बहुतेक उत्तरेकडच्या मिनेसोटाची. तिकडे बर्फ पडू लागले की इकडे येतात आणि एप्रिलमध्ये परत जातात. स्वभावाने ती इतकी सभ्य आहेत की त्यांच्यात 'नाही' हा शब्द वापराअभावी गंजला आहे. खायला दिलेली वस्तू पहिल्या दोन वेळा नाकारायची आणि तिसऱ्यांदा घ्यायची, हा त्यांचा शिष्टाचार. निरोप घ्यायचा तर आधी मांडीवर थाप मारून 'बरं, तर मग' म्हणायचे. त्यानंतर माणूस प्रत्यक्ष दारातून बाहेर पडेपर्यंत सरासरी बावन्न मिनिटे लागतात. आणि मदतीला आलेल्या माणसाला 'आता पुरे' असे म्हटल्याचे एकही उदाहरण नोंदलेले नाही.

एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी पावणेआठ वाजता सत्तेचाळीस क्रमांकाच्या जागेवर मर्ल स्टाविग याने 'आत' लिहिलेले बटण दाबले. भिंत हलली नाही. त्याची बायको अर्डिस पुढच्या सीटवर मांडीवर पर्स घेऊन, पट्टा लावून बसली होती. ती साडेसहापासूनच तशी बसली होती, कारण तिला घाई होती.

घाईचे कारण असे. अर्डिसची मोठी बहीण व्हर्डेल बेमिजीला राहते. सात भावंडांपैकी आता या दोघीच उरल्या आहेत. शुक्रवारी सकाळी सात वाजता व्हर्डेलच्या हृदयाची झडप बदलायची होती. वय एकोणऐंशी. डॉक्टरांनी 'बघू या' असे म्हटले होते, आणि तिकडचे डॉक्टरही मिनेसोटाचेच असल्यामुळे 'बघू या' म्हणजे काय, हे अर्डिसला कळले होते. व्हर्डेल फोनवर म्हणाली होती, "अर्डी, तू मुळीच येऊ नकोस हं. उगाच कशाला?" हे ऐकल्याबरोबर अर्डिसने कपडे भरायला घेतले. त्यांच्या घरात 'ये' म्हणायची हीच रीत होती. 'मुळीच' हा शब्द घातला म्हणजे 'ताबडतोब ये'. अंतर दोन हजार मैल. घरगाडीने रोज चारशे मैल धरले तर रविवार ते गुरुवार, पूर्ण पाच दिवस. हिशेबात एक तासही शिल्लक नव्हता.

मर्लने बटण पुन्हा दाबले. मग जोरात दाबले. मग बटणाला आपण दाबतो आहोत हे कळू नये अशा बेताने हळूच दाबले.

"काय झालं रे?" अर्डिसने विचारले.

"काही नाही. बघून येतो."

इथे त्याची पहिली चूक झाली. तो खाली उतरला आणि कमरेवर दोन्ही हात ठेवून भिंतीकडे बघत उभा राहिला. मेस्किट बेंडमध्ये स्वतःच्याच गाडीकडे कमरेवर हात ठेवून बघणारा माणूस म्हणजे दवंडी. चार मिनिटांत घडीच्या खुर्च्या काखेत घेऊन तिघे जण हजर झाले. या तळाचे कौतुक करावे तेवढे थोडे आहे. इथे संकटात सापडलेल्या माणसाला कुणीही एकटे सोडत नाही, त्याची कितीही इच्छा असली तरी.

पहिला आला बर्डेट क्वाम. शाळेच्या बसगाड्यांच्या डेपोत तो एकतीस वर्षे मुकादम होता. त्याच्यामागून हॉलिस ट्वेट, निवृत्त दंतवैद्य. आणि लव्हॉन, जी कुठल्याही प्रसंगी गोड वड्यांचा ट्रे आणि पातळ कॉफी घेऊन येते. (पाच वर्षांपूर्वी तिचा नवरा वारला तेव्हा ॲम्ब्युलन्सवाल्यांनाही तिने वड्या दिल्या. त्यांनी दोनदा नाकारून तिसऱ्यांदा घेतल्या.)

बर्डेटने खुर्ची उघडली, बसला, भिंतीकडे बराच वेळ बघितले आणि म्हणाला, "हलत नाही."

"नाही," मर्ल म्हणाला.

"मला वाटलंच," हॉलिस म्हणाला.

अशा रीतीने निदान झाले आणि उपचाराला सुरुवात झाली.

सर्वप्रथम फ्यूज तपासण्यात आला. तो ठीक होता. नंतर आलेल्या माणसानेही फ्यूज तपासला, कारण आधीच्यावर त्याचा विश्वास नव्हता असे नव्हे, पण न तपासता नुसते बसून राहणे त्याला बरे वाटेना. साडेदहापर्यंत एकोणीस जणांनी तो एकच फ्यूज काढून उजेडात धरला, 'हं' म्हटले आणि परत बसवला. खुर्च्यांची संख्या एकतीस झाली होती. आलेल्या सूचना चौसष्ट. त्यांपैकी 'तेल सोडा' बावीस, 'तेल सोडू नका' चौदा, 'बॅटरी' नऊ, 'बायकोला विचार, तिने काही दाबलं का' आठ, 'माझ्याकडेही असंच झालं होतं' दहा (ही सूचना नव्हे, पण सूचना म्हणून नोंदवावी असा आग्रह धरला गेला) आणि उरलेली एक, 'गाडी विकून टाक', ही सूचकाने नंतर मागे घेतली.

मग बर्डेटने पुस्तिकेतला सप्तकाचा विधी बाहेर काढला. भिंत अडून बसल्यास मोटारीजवळचे छोटे बटण सहा वेळा चटकन दाबावे आणि सातव्या वेळी दाबून धरावे, म्हणजे ती सगळे विसरून नव्याने सुरुवात करते, असे छापलेले होते. बर्डेट जमिनीवर आडवा झाला. एकतीस जणांनी एकसुरात मोजले. सातव्याला भिंत हलली नाही.

"पहिलं दाबणं हिशेबात धरायचं नसतं," हॉलिस म्हणाला. "ते नुसतं जागं करायला असतं."

"दाबलं म्हणजे दाबलं," बर्डेट खालून म्हणाला. "दात काढताना तू पहिला दात धरत नव्हतास की काय?"

"पहिल्यांदा मी नुसता हलवून बघायचो."

"म्हणून लोक माझ्या बसमधून दुसऱ्या गावाला जायचे दात काढायला."

यावर तळाचे दोन पंथ पडले. पहिले धरणारे बर्डेटच्या बाजूला खुर्च्या सरकवून बसले, पहिले न धरणारे हॉलिसच्या. त्या लोकांना याचे नवल वाटले नाही. बर्डेट आणि हॉलिस एकाच गावचे. त्या गावात एकाच रस्त्यावर समोरासमोर दोन लुथरन चर्चे आहेत, आणि दोन का, हे सांगू शकणारा शेवटचा माणूस वारल्यापासून दोन्हीकडची उपस्थिती वाढली आहे. विधी दोन्ही पद्धतींनी प्रत्येकी अकरा वेळा करण्यात आला.

हे सगळे चालू असताना अर्डिसने एक अनुचित गोष्ट केली. तिने पुस्तिका पहिल्या पानापासून वाचली.

तिसऱ्या पानावर लिहिले होते की गाडीचा हातब्रेक ओढलेला नसेल तर भिंत हलणार नाही. अर्डिसने मान वळवून बघितले. ब्रेकची पिवळी मूठ आत दाबलेली होती, म्हणजे ब्रेक सुटलेला. सकाळी निघायच्या घाईत मर्लने तो आधीच सोडून ठेवला होता. चाकांना ओंडके लावलेले असल्यामुळे गाडी जागची हलली नव्हती आणि कुणाला काही कळले नव्हते. अर्डिसने मूठ ओढली. बटण दाबले. मोटार गुणगुणली आणि भिंत चांगली वीतभर आत आली.

बाहेर एकच गलका झाला. मर्ल धावत आत आला आणि त्याने 'बाहेर'चे बटण दाबून भिंत होती तिथे नेली.

"अरे, काय करतोस?" अर्डिस म्हणाली. "चालली होती ना! ब्रेक होता. नुसता ब्रेक!"

मर्लने पिवळ्या मुठीकडे बघितले. मग खिडकीबाहेर बघितले. मग कुणी बघत नाही ना याची खात्री करून त्याने मूठ पुन्हा आत दाबली.

"आत्ता नको, अर्डिस."

"आत्ता नको म्हणजे?"

"बर्डेट खाली झोपलाय."

"मग त्याला उठव."

"तो अजून बोलतोय गं. आणि हॉलिस गुडघे टेकून बसलाय. त्याचे दोन्ही गुडघे नवे आहेत. चार तास तो माणूस माझ्यासाठी नव्या गुडघ्यांवर... आणि मी काय सांगू, की ब्रेक ओढायचा राहिला होता?"

"हो. तेच सांग."

"मी बघतो," मर्ल म्हणाला. (त्यांच्या भाषेत हे 'नाही'च्या सगळ्यांत जवळ जाणारे वाक्य.)

मराठीत भीड ही भिकेची बहीण समजतात. मिनेसोटात ती एकुलती एक लेक आहे आणि घर तिच्याच नावावर आहे.

दरम्यान बाहेर निराळाच पेच उभा राहिला होता. भिंत हलली होती, पण का हलली ते कुणालाच माहीत नव्हते. बर्डेटच्या मते त्याने मोटारीला पान्याने हळूच टोला दिल्यामुळे. हॉलिसच्या मते पहिले दाबणे न धरल्यामुळे. लव्हॉनच्या मते तिने मनातल्या मनात प्रार्थना केली होती, पण तिला त्याचे श्रेय नको होते, हे तिने सहा जणांना सांगितले. सखोल चर्चेनंतर बर्डेट खुर्चीवर उभा राहिला आणि म्हणाला की कारण न कळता हललेली भिंत ही न हललेल्या भिंतीपेक्षा धोकादायक असते. ती वाटेत, हमरस्त्यावर, आपल्या मनाने बाहेर येऊ शकते. सबब कारण सापडेपर्यंत गाडी जागची हलवू नये. ठरावाच्या बाजूने एकतीस मते पडली. विरोधात शून्य. मर्लने बाजूने मत दिले, कारण सगळ्यांनी दिले होते.

असे म्हणता येणार नाही की मर्लने प्रयत्न केले नाहीत. त्या दुपारी त्याने सत्य सुचवण्याचे एकूण सात प्रयत्न केले. पहिला प्रयत्न म्हणजे तो बर्डेटच्या शेजारी उभा राहून आकाशाकडे बघत "ब्रेक" एवढेच म्हणाला आणि पुढे खोकला. चौथ्या प्रयत्नापर्यंत त्याची मजल "कधीकधी ब्रेकचंही काही असतं म्हणतात, म्हणजे असेलच असं नाही," इथवर गेली. सातव्या वेळी बर्डेटला ते ऐकू गेले.

"हातब्रेक?" बर्डेट मोठ्याने हसला. "अरे मर्ल, ते तर शेंबडं पोरही आधी बघतं! हातब्रेक न ओढता कुणी चार तास भिंत सरकवत बसेल? एवढा गाढव मी एकतीस वर्षांत बघितला नाही, आणि माझ्या हाताखाली माझा मेव्हणा होता!"

सगळे हसले. मर्लही हसला, तो सर्वांत जास्त वेळ हसला. आणि त्या क्षणी हातब्रेक हे कारण अधिकृतरीत्या कायमचे बाद झाले.

मग अर्डिसनेच दार उघडले. "जरा ऐका," ती म्हणाली.

"अगं बाई, सकाळपासून तुझ्या पोटात काही नाही!" लव्हॉनने बशी पुढे केली.

"नको गं, खरंच नको. मी काय म्हणत होते..."

"एक तरी घे."

"नाही, अगं, एवढ्या कशाला केल्यास..."

"लिंबाच्या आहेत."

तिसऱ्यांदा नाकारणे अर्डिसच्या वळणात नव्हते. तिने वडी घेतली. तोंडात घास असताना बोलणेही वळणात नव्हते. घास गिळून तिने वर बघितले तेव्हा बर्डेट आणि हॉलिस यांनी इतक्या वर्षांत प्रथमच एकमत करून भिंतीच्या दोन्ही मोटारी खोलून बाहेर काढल्या होत्या. त्या एका फुलाफुलांच्या टॉवेलवर शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. टॉवेल अर्डिसचा होता. उन्हात मोटारीच्या आत नीट दिसावे म्हणून टॉर्च धरून मर्ल उभा होता आणि म्हणत होता, "हळू हं बर्डेट, हाताला लागेल."

पावणेचार वाजता फोन वाजला.

"निघालात का?" व्हर्डेलने विचारले. आवाज बारीक होता.

"निघतोय. भिंतीचं जरा... निघतोय."

"घाई करू नका हो. मी काय, इथंच आहे. तुमचं काम असेल तर राहू दे. शेजारीण म्हणाली, शुक्रवारी सोडेन दवाखान्यात. मला मुळीच अडचण नाही, अर्डी, मुळीच नाही."

मुळीच हा शब्द एका वाक्यात दोनदा यावा एवढी घाबरलेली व्हर्डेल अर्डिसने आयुष्यात पूर्वी एकदाच ऐकली होती, आई गेली तेव्हा. तिने फोन ठेवला. घरगाडीमागे ओढून न्यायची त्यांची छोटी कार बाजूला उभी होती. भिंत आत गेल्याशिवाय ती मागे जोडायची नाही, असा क्रम असल्यामुळे अजून मोकळी होती. अर्डिसने पर्स, गोळ्यांचा डबा आणि एक स्वेटर घेतला. मग ती टॉर्च धरलेल्या नवऱ्याजवळ गेली.

"मर्ल, मी जाते."

"कुठे?"

"बेमिजीला."

मर्लने मोटारींकडे बघितले, बर्डेटकडे बघितले. "टॉर्च धरलाय गं मी," तो अगदी हळू म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते, आणि हात मात्र जराही हलला नाही. तो चांगला टॉर्च धरतो.

"दिसतंय," अर्डिस म्हणाली.

बहात्तर वर्षांची बाई, एकटी, दोन हजार मैल. मांडीवर थाप नाही, 'बरं, तर मग' नाही. गाडी सुरू करून फाटकापर्यंत जायला तिला पन्नास सेकंद लागले, आणि मिनेसोटाच्या कुठल्याही रहिवाशाने घेतलेला हा आजवरचा सर्वांत छोटा निरोप असावा. वाटेतल्या खुर्च्यांवरची माणसे सभ्यपणे उठली, खुर्च्या बाजूला घेतल्या आणि तिला वाट करून दिली. ती दूध आणायला चालली आहे असे सर्वांचे मत पडले.

"अगं, बर्फही आण!" लव्हॉन ओरडली.

गुरुवारी संध्याकाळी अर्डिस बेमिजीला पोचली. व्हर्डेल खिडकीपाशीच बसली होती.

"कशाला आलीस एवढ्या लांब?" ती म्हणाली.

"इकडूनच चालले होते."

"युमाहून?"

"वाटेतच पडतं."

"वेडी आहेस," व्हर्डेल म्हणाली, आणि तिने अर्डिसचा हात धरला तो शुक्रवारी सकाळी नर्सने सोडवेपर्यंत. नर्सला तो दोनदा सोडवावा लागला.

झडप बसली. व्हर्डेल जागी झाली आणि पहिले वाक्य म्हणाली की कॉफी फार पातळ दिसते, पण तक्रार नाही. अर्डिसने दवाखान्याच्या गॅलरीत जाऊन मर्लला फोन केला.

"वाचली," ती म्हणाली.

मर्लने नाक ओढले. मग त्याने इकडची बातमी दिली. मोटारी निर्दोष ठरल्या, तरीही नव्या मागवल्या, आल्या, बसवल्या. विधी दोन्ही पंथांनी पुन्हा केला. भिंत हलत नाही. मदतीला आलेल्यांची आता समिती झाली आहे, आणि ऊन तापू लागले तरी तिच्यातले कुणीही उत्तरेला गेलेले नाही. मर्लला असा टाकून जाणे त्यांना प्रशस्त वाटत नाही. सावलीसाठी मांडव घातला आहे. माणसे फार चांगली आहेत.

"सगळे झोपल्यावर ब्रेक ओढ आणि नीघ," अर्डिस म्हणाली.

"सकाळी त्यांना काय वाटेल, अर्डिस?"

प्रकरण आजमितीस याच टप्प्यावर आहे. समितीच्या दप्तरी संभाव्य कारणांची संख्या दोनशे सहा झाली असून त्यांत खरे कारण नाही. ते ठाऊक असलेली माणसे जगात तीनच आहेत: अर्डिस, मर्ल आणि आपण, वाचकहो. अर्डिस बोलणार होती, तिच्या तोंडात वडी होती. मर्ल बोलू शकत नाही, कारण कळलेच आहे. आपल्याला मात्र भर दुपारी, मोटारी खोलण्याच्याही आधी, सगळे ठाऊक झाले होते. तोंड रिकामे होते, हातात टॉर्च नव्हता. तरी आपण एका शब्दाने बोलला नाहीत आणि एका म्हाताऱ्या बाईला दोन हजार मैल एकटीला जाऊ दिलेत. पुढे काय होते ते बघायचे होते म्हणून. यात संकोचण्याचे कारण नाही. आपल्यासारख्या सभ्य माणसाचे मेस्किट बेंड आनंदाने स्वागत करील. येताना खुर्ची आपली आपण आणावी.